गौताळ्यात नवरंग खरंच असतो का, आणि मोबाईलवर आवाज लावून बोलवावा का?

तुम्ही विचारलंय की जानेवारीत आणि परत मार्चमध्ये गौताळ्याच्या जंगलात जाऊन आलो, नवरंग पक्षी (इंग्रजीत इंडियन पिट्टा) काही दिसला नाही, मराठवाड्यात तो असतो तरी का, एवढा दुर्मिळ आहे का, आणि एका ग्रुपवर कुणीतरी सांगितलं की मोबाईलवर त्याचा आवाज लावला की समोर येऊन बसतो तर तसं करावं का. आणि शेवटी एक, की शेजाऱ्यांच्या अंगणात मागच्या वर्षी असाच एक सापडला होता, तो पाळता आला असता का. मी कन्नडचा आहे, गौताळा आमच्या उंबऱ्यावरच, म्हणून जरा लांबड लावतो, घाई असेल तर शेवटचे परिच्छेद तेवढे वाचा.

आधी तारखांचं बघू. जानेवारी-मार्चला तो इथं नसतोच हो. हिवाळ्यात नवरंग दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत असतो, मे सरता सरता वर सरकायला लागतो, मग हिमालयाचा पायथा, मध्य भारत, सह्याद्रीचा उत्तरेकडचा भाग असा सगळीकडं पसरून पिल्लं काढतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात परत खाली. म्हणजे आपल्या हिशेबानं रोहिणी संपत आल्या, मृग लागायलाय, पावशा ‘पेरते व्हा’ करून डोकं खायलाय, तेव्हा जायचं. आणि हे वेळापत्रक पोटासाठीच आहे. नवरंग जमिनीवर चरतो, पालापाचोळा उलटून खालचे किडे, गांडुळं खातो. आपलं जंगल पानगळीचं, मे महिन्यात नुसते खराटे उभे असतात आणि जमीन कुदळ लावली तरी खणखण वाजते, गांडूळ सापडणार कुठून. एक-दोन बरे पाऊस झाले की माती भुसभुशीत होते, वाळवी निघते, गांडुळं वर येतात, तेव्हा हा येतो. पाऊस लांबला तर आपण जसे आभाळाकडं बघत बसतो तसंच त्याचंही अडतं.

आता जागा. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ सालचं, जवळपास २६० चौरस किलोमीटर, बरंचसं आपल्या संभाजीनगर जिल्ह्यात, उरलेलं जळगावच्या. पण त्या सगळ्या डोंगरात नवरंग नाही हिंडत. उघड्या माळावर, गवतावर त्याला शोधू नका. ओढ्याकाठची गर्द झाडी, खाली करवंदीच्या जाळ्या, वर सागाची नाहीतर आणखी कशाची सावली आणि जमिनीवर पाल्याचा जाड थर, अशी पट्टी बघायची. रविवारी सगळी जनता धबधब्याकडं पळते, ती गाड्यांची रांग पुढं जाऊ द्या आणि तुम्ही अलीकडंच, एखाद्या ओढ्याजवळ, रस्ता न सोडता गप उभे राहा.

दिसायला कसा ते फोटोत बघितलंच असेल. मैनेपेक्षा लहान, शेपटी जवळजवळ नाहीच, पाठ हिरवी, पंखावर आणि शेपटीच्या वर चकचकीत निळा, डोळ्यावरून काळा पट्टा, गळा पांढरा, पोट बदामी आणि शेपटीखाली लालभडक. नर-मादी सारखेच. एवढं रंगकाम बघून वाटतं की शंभर फुटांवरून डोळ्यात भरेल, पण पाठीचा हिरवा रंग पावसाळी सावलीत असा मुरतो की विचारू नका. मला तो पहिल्यांदा नीट दिसला तेव्हा आधी नुसती खसखस ऐकू आली, सरडा असेल म्हणून मी दुर्लक्ष करणार होतो. मग सागाचं एक वाळकं पान, पक्ष्याएवढंच मोठं, जागेवरून उडालं आणि बाजूला पडलं. चोचीत कड धरून मानेच्या एका झटक्यानं फेकलेलं. मग दोन उड्या, थांबला, आखूड शेपटी हळूच खालीवर केली, दुसरं पान फेकलं, खालून गांडूळ ओढलं, ते अर्धं मातीत अडकलेलं, तर दोन्ही पाय रोवून मागं रेटून काढलं त्यानं. सगळा वेळ माझ्याकडं पाठ, म्हणून दिसली ती फक्त हिरवी पाठ. वळला तेव्हा कुठं पोटाखाली कुंकू सांडल्यासारखा लाल रंग दिसला आणि मग कुठल्यातरी बाईकवाल्यानं हॉर्न मारला, उडाला, उडताना पंखावरचे पांढरे ठिपके चमकले तेवढेच.

म्हणून म्हणतो, आधी कानानं शोधा. पहाटे आणि संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला तो ओरडतो, दोन सुरांची खणखणीत शीळ, पहिला सूर चढा, दुसरा खाली येणारा, व्हीट-ट्यू. तमिळनाडूत तर त्याला सहा वाजताचा पक्षी म्हणतात इतकी वेळ ठरलेली. ओरडताना मात्र जमिनीवर नसतो, झाडाच्या फांदीवर चढतो, मान मागं टाकतो, चोच थेट आभाळाकडं. एक ओरडला की पलीकडच्या ओढ्यातून दुसरा उत्तर देतो. ढगाळ दिवस असेल तर दुपारीही चालू. श्रीलंकेत एक गोष्ट सांगतात की मोरानं याचे कपडे पळवले म्हणून हा तक्रार करत फिरतो. (मोरांचा गाव आपल्याकडं बीड जिल्ह्यात नायगावला आहे, तिथं जाऊन जाब विचारावा त्यानं.)

गाणारा पक्षी म्हणावा का याला, यावर पक्षीवाल्यांमध्ये चर्चा होते ती मला आवडते. दयाळ, बुलबुल, शामा हे खरे गवई, यांची पिल्लं मोठ्यांचं ऐकून गाणं शिकतात, लहानपणी ऐकायलाच मिळालं नाही तर मोठेपणी गाणं धड येत नाही. नवरंग दुसऱ्या शाखेतला. त्या शाखेतल्या बहुतेक पक्ष्यांचं गाणं जन्मतःच आत भरलेलं असतं. त्याच शाखेतल्या, अमेरिकेतल्या फीबी नावाच्या पक्ष्यावर १९९१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे, पिल्लांना लहान असतानाच बहिरं केलं तरी मोठी झाल्यावर ती आपल्या जातीचं गाणं बरोबर गायली. (प्रयोग वाचून मला वाईट वाटलं, पण निकाल भारी आहे.) म्हणजे दयाळासारख्या ताना, नकला, रोज नवीन काहीतरी हे नवरंगाकडून अपेक्षित धरू नका. दोन सूर, तेच, पुन्हा पुन्हा. आणि त्यांचा अर्थ साधारण एवढाच की हा ओढा माझा आहे, तू पुढं सरक.

आता हे कळलं की मोबाईलवर आवाज लावण्याचं उत्तर सोपं होतं. तो तुमच्या प्रेमानं येत नाही समोर, त्याला वाटतं दुसरा नवरंग घुसलाय, भांडायला येतो. आणि हे सगळं ऐन विणीच्या दिवसांत. घरटं जमिनीवर किंवा खालच्या फांदीवर, वाळकी पानं आणि काटक्यागवताचा गोळा, एका बाजूला तोंड, आत चार-पाच पांढरी चकचकीत ठिपकेवाली अंडी. मुंगूस, घोरपड, साप, भटकी मांजरं, सगळ्यांच्या हाताशी. मालक अर्धा तास एका न सापडणाऱ्या दुश्मनाला हुडकत बसला की घरट्याकडं कोण बघणार? रविवारी एकामागून एक पाच ग्रुप येऊन पाच वेळा वाजवतात तेव्हा काय होत असेल विचार करा. लावू नका. फोटोसाठी घरट्याजवळच्या फांद्या मोडणारे पण बघितलेत मी, त्यांना तर गेटातच आडवावं.

दुर्मिळ आहे का, तर जागतिक यादीत तो धोक्यात धरलेला नाही, कोकणात, विदर्भात पावसाळ्यात बऱ्यापैकी ऐकू येतो. आपल्याकडं कमी, कारण जंगलच आपल्याकडं राज्यात सगळ्यात कमी, गौताळा-अजिंठ्याचे डोंगर, किनवटकडचं सागाचं जंगल, येडशीचं रामलिंग, असे तुकडे मोजायचे. तुम्हाला धाराशिव, नांदेडकडून जवळ पडत असेल तर पहिल्या पावसानंतर तिकडं कान देऊन बघा. माझं स्वतःचं मत विचाराल तर मला शिकाऱ्यापेक्षा वणव्याची भीती वाटते. फेब्रुवारीपासून कुणी चांगलं गवत यावं म्हणून, कुणी बिडी टाकून, डोंगर पेटतात, झाडं बहुतेक वाचतात म्हणून आपण म्हणतो काही नाही झालं, पण पाचोळ्याचा थर जळून राख होतो आणि जूनमध्ये येणाऱ्या या पाहुण्याचं ताटच ते आहे.

राहिला अंगणातला नवरंग. ते मे-जूनला आणि परत ऑक्टोबरच्या आसपास होतं. रात्रीचा प्रवास करतात, दिव्यांनी गोंधळतात, काचेवर आपटतात, थकून कुठंही उतरतात, मग शहरात पोर्चमध्ये, शाळेच्या व्हरांड्यात सापडतात आणि पेपरात ‘परदेशी पक्षी आढळला’ असं छापून येतं. परदेशी वगैरे काही नाही. सापडला तर मांजर-कावळ्यांपासून आडोसा द्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका, भात-पोळीचे तुकडे टाकू नका, पोरांना हातात देऊ नका. बहुतेक वेळा नुसत्या विश्रांतीनं सावरतो, मग जवळच्या दाट झाडीत सोडायचा. पंख लोंबत असेल तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाईन आहे तिच्यावर फोन लावा. पाळायचं मात्र डोक्यातून काढा, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे, आणि रोज ताजी गांडुळं कुठून आणणार तुम्ही?