ताई, हाराचं नंतर बघू, आधी हात दाखवा

लातूरच्या ताईंनी ग्रुपवर लिहिलंय की लग्नातली वरमाला जपून ठेवायला साच्यात ठेवून वर इपॉक्सी रेझिन (हार्डनर मिसळलं की काचेसारखं घट्ट होणारं द्रव) ओतलं, अर्ध्या तासात साच्यातून धूर निघाला, गुलाब करपले आणि मधोमध तडा गेला. सगळ्यांनी तड्यावरच उत्तरं दिलीत. शेवटची ओळ कुणी वाचलेली दिसत नाही: ‘बोटांना खाज सुटते, सकाळी पापण्या सुजतात, उन्हाळ्याचं असेल.’ माझंही उन्हाळ्याचंच होतं म्हणे.

धुराचं आधी उरकते. रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की उष्णता निघते, थर जाड असला की ती आतच कोंडते. तुम्ही टेबलाला लेप द्यायचं रेझिन चार सेंटिमीटर एका दमात ओतलंत, तेही मे महिन्यात, पत्र्याच्या खोलीत. मिसळल्यावर किती वेळात ओतायचं तो डब्यावर लिहिलेला वेळ बहुतेक २५ अंशांचा असतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की तो साधारण निम्म्यावर येतो, आणि आपल्याकडे दुपारी ४२. जाड कामाला ‘डीप पोर’ म्हणजे जाड थर ओतायचं वेगळं रेझिन मिळतं, ते घ्या आणि पहाटे ओता. फुलं सिलिका जेलमध्ये पार कुरकुरीत वाळलेली हवीत. उरलेला कप कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, पसरट ट्रेमध्ये पातळ करून ठेवा. माझी प्लास्टिकची बादली अशीच वितळली आहे.

आता हात.

मी परभणीत घरीच, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, नेमप्लेट आणि कोस्टर करायचे. पहिला डबा देणारा दुकानदार म्हणाला, “वास नाही, म्हणजे त्रास नाही.” मला ते पटलं. हातमोज्यांत बोटांना अंदाज येत नाही म्हणून घालत नव्हते. हात चिकट झाले की थिनरचा बोळा फिरवायचा, हात लख्ख! सगळ्यात मोठी चूक हीच. थिनर कातडीचं तेल काढतो आणि रेझिन आणखी आत पोचवतो. तीन-चार महिने काहीच झालं नाही, म्हणून मी उलट दुसऱ्यांनाही सांगत सुटले की घाबरायचं काही नाही. ॲलर्जी पहिल्या दिवशी येत नाही हो. शरीर आधी त्या रसायनाला ओळखायला शिकतं, आणि एकदा ओळखलं की सहसा विसरत नाही.

मग बोटांच्या बेचक्यात बारीक फोड आले, पाठोपाठ पापण्या. एका दवाखान्यात गेले, नाव घेत नाही. बघितलं न बघितलं, “नायटा आहे,” म्हणून ट्यूब लिहून दिली. तिच्यात स्टेरॉइड होतं, त्यामुळे आठवडाभर बरं वाटायचं आणि पुन्हा दुप्पट उठायचं. तीन खेपा घातल्या, तिन्ही वेळा तीच ट्यूब. वर वांगं बंद करा, हरभऱ्याची डाळ बंद करा. दोन महिने मी वांगं सोडलं आणि रेझिन ओतत राहिले! ‘बाई, तुम्ही काम काय करता?’ एवढं एक वाक्य कुणी विचारलं असतं तर... जाऊ द्या, लिहिताना अजून डोकं तापतं.

शेवटी ज्या त्वचारोग डॉक्टरांकडे गेले त्यांनी आधी हेच विचारलं. पॅच टेस्ट केली: पाठीवर वेगवेगळी रसायनं लावलेल्या पट्ट्या, ४८ तास पाठीला पाणी नाही. आपल्या उन्हाळ्यात ती शिक्षाच. पट्ट्या काढल्यावर बघितलं, मग दोन दिवसांनी पुन्हा. इपॉक्सीचा चौकोन लालभडक, वर आलेला. आता मिक्सरच्या भांड्याला ॲराल्डाइट लावलं (तेही इपॉक्सीच) तरी पापणी सुजते. ओतायचं काम जाऊबाई करतात, मी ऑर्डरी घेते आणि फुलं वाळवते.

मी डॉक्टर नाही, प्रत्येकाचं वेगळं असू शकतं. पण नायट्राइलचे हातमोजे घ्या. लॅटेक्सचे नकोत आणि हॉटेलातले ते फडफडणारे प्लास्टिकचे तर मुळीच नकोत. चिकटले की बदला, धुऊन परत घालू नका. कातडीला लागलंच तर आधी कोरड्या कपड्याने पुसा, मग साबण-पाणी. चिकट मोज्यांनी मोबाइल उचलू नका, माझ्या पापण्यांपर्यंत ते बहुधा तसंच पोचलं. घासकाम आठवड्यानंतर, पाणी लावून. अर्धं कच्चं रेझिन घासलं की त्याची धूळही तितकीच वाईट. एन-९५ मास्क धुळीला चालतो, वाफेला नाही. वाफेसाठी वाफ शोषणारं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. बांगड्या किणकिणत उघड्या हातांनी ओतणाऱ्या रील्स बघून शिकू नका, त्या बाईच्या हातांचं दोन वर्षांनी काय झालं ते कुणी दाखवत नाही.

आणि हो, ओतताना कूलर लावू नका. त्याच्या ओल्या हवेने वर तेलकट थर येतो, तो कोमट पाण्याने पुसल्याशिवाय पुढचा थर नीट धरत नाही.

डॉक्टरांना हात दाखवेपर्यंत ओतणं थांबवा. नवरीकडच्यांना खरं सांगा, पैसे परत करावे लागले तर करा. डॉक्टरांकडे जाताना दोन्ही डब्यांच्या लेबलचे फोटो न्या, हार्डनरचाही. आणि कुणी पुन्हा नायट्याची ट्यूब हातात ठेवली, तर उठायच्या आधी काम काय करता ते तुम्हीच सांगा.