रागावलात, तर इंग्रजीत काय म्हणाल?

प्रश्न : ताई, मी भांडुपला राहते आणि अंधेरीच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. महिनाअखेरचा सगळा रिपोर्ट मी केला आणि मीटिंगमध्ये साहेबांनी तो दुसऱ्याच्या नावावर सांगून टाकला. तळपायाची आग मस्तकात गेली, पण मीटिंग इंग्रजीत, तोंडून शब्द फुटेना. घरी येऊन मेल लिहिला, 'आय ॲम व्हेरी अँग्री ऑन यू'. पाठवला नाही. मराठीत मी कुणाचं ऐकून घेत नाही, इंग्रजीत मात्र मूग गिळून बसते. नेमकं काय म्हणायचं?

उत्तर : मेल पाठवला नाहीत ते बरं केलंत, पण राग गिळू नका. तो रास्त आहे.

आधी त्या 'ऑन'चं बघू. मराठीत आपण कुणावर तरी रागावतो, म्हणून हात आपोआप 'ऑन'कडे जातो. इंग्रजीत माणसाच्या बाबतीत 'अँग्री विथ' किंवा 'अँग्री ॲट' म्हणतात आणि गोष्टीबद्दल 'अँग्री अबाउट'. व्याकरणाचा प्रश्न एवढाच.

खरी अडचण पुढे आहे. रागाबद्दल सांगायची भाषा वेगळी आणि रागात बोलायची वेगळी. मराठीतही असंच आहे. तळपायाची आग मस्तकात गेली, हे तुम्ही मला लिहिलंत, लेडीज डब्यात मैत्रिणीलाही सांगाल. साहेबांच्या तोंडावर ते कुणी म्हणत नाही. 'आय वॉज लिव्हिड', 'आय सॉ रेड', 'इट ड्रोव्ह मी अप द वॉल' ही सगळी त्याच जातीची, मागाहून सांगायची वाक्यं. 'लिव्हिड' लॅटिनमधून आलेला. त्याचा मूळ अर्थ काळानिळा, म्हणजे संतापानं चेहऱ्याचा रंगच बदलला. 'ही फ्लू ऑफ द हँडल' म्हणजे त्याचा तोल सुटला. यात चित्र आहे ते दांड्यातून निसटून उडालेल्या कुऱ्हाडीच्या पात्याचं. मला हे शब्द फार आवडतात. तुम्हीही वापरा, पण परतीच्या लोकलमध्ये.

साहेबांसमोर साधं वाक्य लागतं. काय घडलं ते आधी, भावना नंतर : 'आय प्रिपेअर्ड धिस रिपोर्ट, अँड आय ॲम अपसेट दॅट माय नेम वॉज लेफ्ट आउट.' 'अपसेट'मध्ये राग आणि दुखावलेपण दोन्ही येतं, म्हणून ते इथे चपखल बसतं. 'आय ॲम नॉट हॅपी अबाउट धिस' आपल्या कानाला मिळमिळीत वाटतं. ऑफिसात मात्र ते शांतपणे म्हटलं की समोरचा सावरून बसतो. 'व्हेरी' लावू नका, त्यानं जोर वाढत नाही. 'अनअक्सेप्टेबल' हा शब्द दुसऱ्यांदा असं घडलं तर काढायचा, म्हणून राखून ठेवा. 'हाउ डेअर यू' ऑफिसात नाटकी वाटतं. आणि 'विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट' म्हटलं की पुढे अनादरच येणार, हे ऐकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. मेलमध्ये सगळी अक्षरं कॅपिटल कराल तर तो आरडाओरडा समजला जातो.

दादरच्या माझ्या संध्याकाळच्या वर्गात एक वाक्य मी सगळ्यांकडून घोटून घेते : 'आय हॅवन्ट फिनिश्ड.' माझं बोलणं संपलेलं नाही. दोघींना समोरासमोर उभं करायचं, एकीनं मध्येच तोडायचं, दुसरीनं हे म्हणायचं. पहिल्यांदा प्रत्येकीचा आवाज चढतो. मी सांगते, खाली आणा, शेवटच्या शब्दावर आवाज उतरू द्या आणि मग गप्प राहा. ते गप्प राहणंच सगळ्यात अवघड जातं. लगेच 'सॉरी' बाहेर पडतं. परळच्या एका रुग्णालयात काम करणारी एक परिचारिका वर्गाला येते. पेशंटचे नातेवाईक अंगावर येतात तेव्हा तिला लागतं : 'प्लीज डोन्ट शाउट ॲट मी. आय विल आन्सर यू.' इथे 'ॲट'च हवं. 'शाउट टू' म्हणजे लांबून हाक मारणं, 'शाउट ॲट' म्हणजे अंगावर ओरडणं.

तुम्ही उद्याच दोन ओळींचा मेल टाका. वर दिलेलं वाक्य आणि त्याखाली 'प्लीज करेक्ट धिस विथ द टीम'. काय झालं ते मला कळवा.

प्रश्न : मी प्रभादेवीला राहते, दहावीत आहे. 'आय ॲम इरिटेटिंग' म्हटलं की मैत्रिणी हसतात. का?

उत्तर : कारण त्याचा अर्थ होतो, मी इतरांना वैताग देते. तुला वैताग आला असेल तर 'इरिटेटेड', वैताग देणारी गोष्ट 'इरिटेटिंग'. 'अनॉइड' आणि 'अनॉइंग'चंही तसंच. भुकेनं चिडचिड होत असेल तर 'हँग्री' म्हण. 'हंग्री' आणि 'अँग्री' जोडून झालेला हा शब्द 2018 साली ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात दाखल झाला.

प्रश्न : नातू उठता-बसता 'पिस्ड ऑफ' म्हणतो. लालबागच्या आमच्या चाळीत हे सगळ्यांना ऐकू जातं. शिवी आहे का?

उत्तर : शिवी नाही, पण असभ्य आहे. मित्रांत चालेल, वडीलधाऱ्यांसमोर, मुलाखतीत अजिबात नाही. शिवाय नुसतं 'पिस्ड' म्हणजे अमेरिकेत चिडलेला आणि इंग्लंडमध्ये दारू प्यायलेला. त्याला 'फेड अप' शिकवा. वैताग तितकाच पोचतो.

प्रश्न : 'डोकं खाऊ नकोस' इंग्रजीत कसं म्हणायचं? 'डोन्ट ईट माय हेड' चालेल?

उत्तर : मुंबईत सगळ्यांना समजेल, बाहेर नाही. 'स्टॉप बगिंग मी' म्हणा, किंवा थोडं सभ्य हवं तर 'स्टॉप पेस्टरिंग मी'. 'नॅगिंग' हा शब्द मात्र टाळाच, अशी माझी विनंती आहे. तो बहुतेक वेळा बायकोवर किंवा आईवरच टाकला जातो. चार वेळा सांगूनही गॅसचा नंबर कुणी लावत नाही, म्हणून ती पाचव्यांदा सांगते. तिला 'नॅगिंग' म्हणण्याआधी नंबर लावा.