झेन पीयूसीत दोनदा फेल? कॅट बदलायच्या आधी टेंपरेचरचा काटा बघा

दादा, कॅट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) विकत घेऊ नका. निदान अजून तरी नको. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे, फक्त ते तुम्ही तक्रार म्हणून नाही, कौतुक म्हणून लिहिलंय. तुम्ही म्हणता २००४ची मारुती झेन, एमएच-१२, पीयूसीत दोनदा फेल, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १.९ टक्के, एचसी (हायड्रोकार्बन) ४१०, गॅरेजवाला म्हणतो कॅट गेला, अठरा हजार काढा. आणि मग जाता जाता शेवटी, "बाकी इंजिन एकदम थंड, खंडाळ्याचा घाट चढलो तरी काटा पाव भागाच्या वर जात नाही." दुखणं तिथंच आहे.

आधी आकडे बघू. पुण्यात २००३पासून बीएस-२ (भारत स्टेज-२, धुराचे सरकारी नियम) लागू झालं, म्हणजे तुमच्या गाडीला मर्यादा सीओ ०.५ टक्के आणि एचसी ७५०. (त्याआधीच्या बिगर-बीएस-२ गाड्यांना सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० चालतं, म्हणून तुमच्या शेजाऱ्यांची ९८ची मारुती ८०० धूर सोडत पास होते आणि तुमची चकाचक झेन फेल होते, यात अन्याय काही नाही.) आता तुमचं एचसी मर्यादेत आहे, सीओ जवळपास चौपट. एचसी म्हणजे न जळता बाहेर आलेलं पेट्रोल, ते वाढलं की प्लग, वायरी, डिलकोची (डिस्ट्रिब्युटरची) कॅप, मिसिंग (एखादा सिलिंडर मधेच न पेटणं) हे सगळं बघायचं. सीओ म्हणजे अर्धवट जळलेलं पेट्रोल, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी. तुमची गाडी मिसिंग करत नाहीये, ती जास्त पितेय. ॲव्हरेज किती पडतं लिहिलं नाहीत पण माझी पैज, शहरात बाराच्या वर नसणार.

का पितेय? तर कुठल्या तरी मिस्त्रीने कधीतरी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून फेकलाय. आपल्याकडे ही जुनी खोड आहे, गाडी एकदा गरम झाली की पाण्याची गळती शोधायची सोडून "आपल्या हवेत काय करायचाय तो व्हॉल्व्ह" म्हणून काढून टाकतात आणि गिऱ्हाईक खूश, काटा खाली. पण तो व्हॉल्व्ह साधारण ८२ डिग्रीला उघडतो तो उगाच नाही. तो नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहतं, इंजिन ६०-६५च्या पुढे जातच नाही, आणि ईसीएम (पेट्रोल किती टाकायचं ठरवणारा इंजिनाचा कॉम्प्युटर) बिचारा समजतो की गाडी अजून सकाळची थंडच आहे, वॉर्मअप चालू आहे, टाका पेट्रोल. जुन्या गाडीत जे काम चोक करायचा तेच. म्हणजे तुम्ही चोक ओढून पीयूसीला जाताय असं समजा.

आणि कॅटचं गणित असं की सीओ जाळायला त्याला ऑक्सिजन लागतो, रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) मिक्श्चरमध्ये तो उरतच नाही, त्यामुळे अठरा हजाराचा नवा कॅट टाकला तरी आकडा फार हलणार नाही, उलट वर्षभर जास्तीचं पेट्रोल खाऊन तो नवा पण मरेल. मी हे अनुभवाने सांगतोय. माझ्या २००३च्या झेनला मी आधी ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन बघून ईसीएमला सांगणारा) बदलला, मग इंजेक्टर साफ केले, एअर फिल्टर, प्लग, सगळं झालं, सीओ २.१ वरून १.७ वर आलं आणि तिथंच बसलं. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीने बॉनेट उघडून वरच्या होजला हात लावला आणि विचारलं, व्हॉल्व्ह कुठाय? थर्मोस्टॅट, गॅस्केट, कूलंट, मजुरी धरून हजाराच्या आत काम झालं. सीओ ०.२. आधी घातलेले सहा हजार कुणाला सांगू नका.

तपासायचं कसं, तर रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होजला दर मिनिटाला हात लावत रहा (फॅनपासून लांब, बाह्या सैल नकोत). व्हॉल्व्ह असेल तर होज बराच वेळ थंड राहून मग एकदम तापतो. नसेल तर सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत जातो. एवढंच. गाडी तापलेली असताना रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका.

व्हॉल्व्ह जागेवर निघाला तर पुढचा संशयित कूलंट टेंपरेचर सेन्सर. लक्षात घ्या, काट्याला माहिती देणारा सेन्सर आणि ईसीएमला देणारा सेन्सर बऱ्याच गाड्यांत वेगळे असतात, त्यामुळे काटा बरोबर असला तरी ईसीएम फसू शकतो. तुमच्या गाडीला हल्लीचा ब्लूटूथवाला स्कॅनर चालेल याच्या भरवशावर राहू नका, मल्टिमीटर घ्या. थंड असताना दोन-अडीच हजार ओहमच्या आसपास आणि पूर्ण तापल्यावर तीनशेच्या आसपास दिसायला हवं. तापूनही हजारावर अडकलेला असेल तर बदला, स्वस्त आहे. त्यानंतर एअर फिल्टर, मग ऑक्सिजन सेन्सर, आणि सायलेन्सरचा पुढचा जॉइंट, कारण सेन्सरच्या आधी कुठे फुटला असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर म्हणतो हवा जास्त आहे आणि ईसीएम अजून पेट्रोल वाढवतो. कॅट सगळ्यात शेवटी.

टेस्टच्या दिवशी एक चूक सगळे करतात. घरापासून पीयूसीवाला पेट्रोल पंप दोन किलोमीटर, तिथे रांग, वीस मिनिटं स्लोवर उभी गाडी, आणि मग सायलेन्सरमध्ये नळी घालतात. कॅट काम करायला लागतो साधारण तीनशे डिग्रीच्या आसपास, उभ्या गाडीत तो थंड पडत जातो. आधी हायवेला वीसेक मिनिटं चांगली पळवून आणा, रांग असेल तर सरळ परत एक चक्कर मारा, एसी बंद. आणि ऑपरेटरला सांगा नळी नीट आत घाल, नुसती तोंडाशी अडकवलेल्या नळीत बाहेरची हवा शिरते आणि आकडे खोटे येतात. खोटे म्हणजे कमी येतात, त्यामुळे बरेच ऑपरेटर मुद्दामच तसं करतात. तुम्हाला फेल करणारा माणूस प्रामाणिक आहे, त्याच्यावर रागावू नका, फेल झाल्याची स्लिप जपून ठेवा, डॉक्टरच्या रिपोर्टसारखी कामाची आहे.

खाली कॉमेंटमध्ये एकाने डिझेल इंडिकाबद्दल विचारलंय, तिचं वेगळं असतं. तिथे सीओ-एचसी नाही, फुल रेस देऊन धुराची घनता मोजतात, जुन्या गाड्यांना मर्यादा २.४५. तिथे एअर फिल्टर, नोझल आणि इंजिनाच्या डिझेल पंपाचं टायमिंग, आणि आधी इंजिन तापवून हायवेला थोडी मोकळी पळवणं, कारण शहरात साठलेली काजळी पहिल्या रेसलाच बाहेर पडते. टायमिंग बेल्ट कधी बदलला माहीत नसेल तर तेवढी रेस द्यायच्या आधी तो बघा, पीयूसीपायी इंजिन जायचं.

आणि ते "दोनशे जास्त द्या, गाडी न आणता काढून देतो" वालं, नको. सर्टिफिकेट मिळेल, पेट्रोल तसंच जळत राहील, आणि तुमच्या गाडीला पीयूसी सहाच महिन्यांची आहे, बीएस-४ आणि त्यापुढच्यांसारखी वर्षाची नाही, म्हणजे वर्षातून दोनदा त्याच्या दारात. दंड कायद्यात दहा हजारांपर्यंत आहे तो वेगळाच.

आज रविवार आहे, गाडी रात्रभर उभीच असेल. आत्ताच खाली जाऊन होजला हात लावा आणि किती मिनिटांनी गरम झाला ते इथे लिहा.