यूट्यूबच्या जाहिरातींवर स्वतंत्र पत्रकारिता चालते का? नाहीतर पैसा आणायचा कुठून?

नुसत्या जाहिरातींवर नाही चालत, दर महिन्याला थोडे का होईना पैसे देणारे प्रेक्षक लागतातच. एका छोट्या मराठी चॅनेलचा हिशोब मी बघतो, त्यावरून सांगतोय. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे ५५ टक्के यूट्यूब देतं, पण ते व्ह्यूज आले तर, आणि इथे माहिती अधिकारात अर्ज टाकला की उत्तरालाच ३० दिवसांची मुदत, नाही आलं की अपील, मग तहसीलला चकरा, तेवढ्यात एखादा क्रिएटर त्याच विषयावर घरबसल्या दहा व्हिडिओ टाकून मोकळा होतो. बातमी शोधायचा खर्च यूट्यूब धरतच नाही, खरं दुखणं हे आहे. न्यूजलॉन्ड्री ही बातम्यांची वेबसाइट बघा, २०१२ मध्ये सुरू झाली, सरकारी-कॉर्पोरेट जाहिराती घेत नाही, वर्गणीवर चालते आणि मोठ्या बातमीसाठी वाचकांकडून वेगळे पैसे गोळा करते. मला हाच भाग सगळ्यात कामाचा वाटतो, कारण 'आम्हाला मदत करा' यापेक्षा 'या धरणाच्या पुनर्वसनाची बातमी करायचीय, प्रवासाला इतके लागतील' असं सांगितलं की लोक पटकन देतात.

फक्त परदेशातून येणाऱ्या पैशाबाबत जपून राहा. एफसीआरए २०१० म्हणजे विदेशी देणग्यांवरचा कायदा, त्याच्या कलम ३ नुसार बातम्यांचं काम करणाऱ्यांना विदेशी देणगी घेता येत नाही. अमेरिकेतल्या मराठी माणसाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिले तर चालतं, तिकडचं नागरिकत्व घेतलेलं असेल तर नाही, त्यामुळे आधी विचारून घ्या.