लिम्फोमाच्या रिपोर्टमधले आकडे: वाचकांचे प्रश्न

वडिलांना डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा एक प्रकार) आहे. रिपोर्टमध्ये की-६७ ८० टक्के आलंय. आजार हाताबाहेर गेला का?

नाही. गाठीतल्या किती पेशी विभाजनाच्या चक्रात आहेत, एवढंच की-६७ सांगतं. या प्रकारात ८० वगैरे आकडा नेहमी दिसतो. बर्किट लिम्फोमात तर तो जवळपास १०० असतो, तरी जोरदार केमोने तो बरा होऊ शकतो. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवरच केमोचा मारा जास्त बसतो. मॅन्टल सेल लिम्फोमात मात्र ३० टक्क्यांच्या पुढे गेलं की आम्ही सावध होतो. तेव्हा दुसऱ्याच्या रिपोर्टशी ताडून घाबरू नका.

मिक आणि बीसीएल-२ पॉझिटिव्ह आलेच आहेत. मग फिश (जनुकांची जागा बघणारी) तपासणी कशाला?

मिक आणि बीसीएल-२ ही जनुकं, आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या प्रथिनांचीही तीच नावं. पॉझिटिव्ह आलंय ते प्रथिन. मिक ४० टक्के आणि बीसीएल-२ ५० टक्के पेशींत दिसलं की ‘डबल एक्स्प्रेसर’ म्हणतात. त्या प्रथिनाचं जनुक मूळ जागेवरून तुटून भलतीकडे जोडलं गेलंय का, ते फिशमध्येच कळतं. दोन्ही जनुकं अशी तुटलेली असली तर तो ‘डबल हिट’. त्यात नेहमीचं आर-चॉप (रिटुक्सिमॅब आणि केमोच्या औषधांचा संच) बऱ्याचदा कमी पडतं, म्हणून अनेक डॉक्टर जास्त तीव्र केमो निवडतात. म्हणजे या उत्तरावर उपचार बदलू शकतो. ही तपासणी टाळू नका. पुन्हा सुई टोचायचीही सहसा गरज नसते, बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक पुरतो. तो ब्लॉक मात्र जपून ठेवा.

केमो चालू असताना एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलं. आजार उलटला का?

आधी तपासणी पुन्हा करा. रक्त काढताना लाल पेशी फुटल्या तरी एलडीएच वाढतं, पांढऱ्या पेशी वाढवायच्या इंजेक्शननेही वाढतं. निदानाच्या वेळचं एलडीएच जास्त महत्त्वाचं. १९९३ पासून वापरात असलेल्या आयपीआय या, आजाराच्या पुढच्या वाटचालीचा अंदाज देणाऱ्या गुणांकनात वय, स्टेज यांच्याबरोबर तेच धरतात.

औषध लागू पडेल की नाही, हे आधीच सांगणारी तपासणी आहे का?

अगदी मोजक्या. सीडी-२० हे प्रथिन लिम्फोमाच्या पेशींवर असेल तरच त्याला चिकटणारं रिटुक्सिमॅब द्यायला अर्थ आहे. बाकीच्या बहुतेक खुणा आजार किती चिवट आहे ते सांगतात, कुठलं औषध द्यावं ते नाही. हॉजकिन लिम्फोमात केमोच्या दोन सायकलनंतरचा पेट स्कॅन माझ्या मते सर्वांत बोलका: डोव्हिल गुण (स्कॅनमध्ये गाठ किती चमकते याचे १ ते ५ गुण) १ ते ३ आले तर उपचार लागू पडतोय, काही वेळा पुढची औषधं कमीही करता येतात. ४ किंवा ५ आले तर डॉक्टरांना थेट विचारा, ‘आता योजना बदलायची का?’