गिअर घसरत नाही, चासी फाकते

बेटा,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेला तुझ्या लेगोच्या ट्रकचा व्हिडिओ चार वेळा पाहिला. केबिन पुढे झुकवली की इंजिनाचे पिस्टन वरखाली होताना दिसतात, हौद्याला ताडपत्री बांधायच्या कड्यासुद्धा आहेत. ट्रक देखणा झालाय. पण मी पुन्हापुन्हा बघत होतो ते शेवटचे काही सेकंद. हौद्यात तू पुस्तकांची चळत ठेवलीस, मोटर चालू केलीस, ट्रक वीतभर पुढे गेला आणि मागच्या आसातून कट-कट-कट असा आवाज यायला लागला. खाली तू लिहिलंयस, "काका, गिअर स्लिप होतोय. मोठी मोटर घेऊ का?"

मोटर घेऊ नकोस. गिअर स्लिप होत नाहीये, चासी, म्हणजे ट्रकचा खालचा सांगाडा, फाकतेय. मोठी मोटर लावलीस तर ती आणखी जोरात फाकेल.

दोन गिअर एकमेकांना फिरवतात तेव्हा दाते नुसते पुढे ढकलत नाहीत. दात्याची बाजू तिरकी असते, म्हणून प्रत्येक दाता समोरच्याला थोडं लांबही लोटत असतो. लोड वाढला की हा रेटा वाढतो. मोटरजवळच्या तुझ्या दोन्ही जोड्या, 8 दात्यांवरून 24 दात्यांवर, व्यवस्थित बसल्यात. 8 दात्यांच्या गिअरची त्रिज्या 4 मिलिमीटर, 24 ची 12, मिळून 16. लेगोच्या पट्टीत भोक ते भोक अंतर 8 मिलिमीटर असतं, म्हणजे ही जोडी बरोबर दोन भोकांच्या अंतरावर बसते. दोन्ही ॲक्सल, म्हणजे गिअर ज्यांच्यात ओवलेत ते दांडे, एकाच अखंड पट्टीत आहेत, त्यांना लांब जायला वावच नाही. आवाज तिथून येत नाहीये.

आवाज येतोय मागून, जिथे मोटरकडून लांबीत आलेला शाफ्ट आणि चाकांचा रुंदीतला आस काटकोनात भेटतात. शाफ्टच्या टोकाला 12 दात्यांचा छोटा गिअर आहे आणि तो डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या आसाच्या मधल्या गिअरच्या, 28 दात्यांच्या कड्याला फिरवतो. इथे एकच पट्टी दोन्ही ॲक्सलना धरू शकत नाही. शाफ्ट एका पट्टीत, आस दुसऱ्या. छोट्या गिअरला शाफ्टच्या दिशेने मागे सरकायचं असतं, डिफरन्शियलला बाजूला. दोघांना जागेवर ठेवतो तो कोपरा, आणि तुझा कोपरा एका पिनेवर टांगलाय.

केबिन आणि हौदा उतरव. मोटर बंद ठेव. मागची दोन्ही चाकं एका हाताने घट्ट धर आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत शाफ्ट पकडून हळूहळू पीळ. गिअरकडे बघू नकोस, बाजूच्या पट्ट्यांकडे बघ. डावी पट्टी केसभर, मग नखभर बाहेर येईल, कट्ट करून एक दाता उडी मारेल आणि पट्टी परत जागेवर जाईल. दात्याची खोली जेमतेम दोन मिलिमीटर असते, त्यामुळे एवढंसं फाकणंही पुरतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलंस की पुढचं सगळं तुझं तुला सुचेल, म्हणून उत्तर वाचायच्या आधी हे करच.

माझं सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला गिअरबॉक्स जोडणीच्या लाइनवर टाकलं होतं. मी जोडलेला एक बॉक्स टेस्टवर आवाज करत परत आला. मी दोन दिवस त्यातले गिअर बदलत राहिलो. नवा गिअर, परत जोडणी, परत टेस्ट, परत तोच आवाज. तिसऱ्या दिवशी आमच्या उस्तादांनी सगळे गिअर काढून बाजूला ठेवले आणि रिकाम्या हाउसिंगमधून, म्हणजे बॉक्सच्या कवचातून, अंगठा फिरवला. बेअरिंगच्या बैठकीत एक बारीकशी बर, म्हणजे धातूची धारदार कड, राहून गेली होती. बेअरिंग पूर्ण बसलं नव्हतं, शाफ्ट किंचित तिरका होता, आणि बिचारे गिअर ओरडत होते. त्या दिवसापासून आवाज आला की मी आधी गिअर ज्याच्यात बसलाय ते बघतो. तुझ्या ट्रककडेही तसंच बघितलं.

आता दुरुस्ती. डिफरन्शियलच्या दोन्ही अंगांच्या पट्ट्या समोरून आणि मागून, दोन्हीकडून आडव्या बांध. प्रत्येक जोडाला किमान दोन पिना. एका पिनेवर पट्टी बिजागरीसारखी फिरते, दोन पिनांवर ती फिरत नाही. आयताकृती चौकट वापरलीस तर सर्वांत उत्तम. डिफरन्शियल तिच्या आत बसवायचं आणि शाफ्ट तिच्याच भिंतीतून आत घ्यायचा, म्हणजे कोपरा जोडलेला राहत नाही, अखंड होतो. 12 दात्यांच्या गिअरच्या पाठीमागे एक बुश, म्हणजे ॲक्सलवर बसणारी छोटी कडी, घाल, गिअर आणि पट्टी यांच्यात फट उरू देऊ नकोस.

पूर्ण चासीला पीळ पडत असेल तर तिरका आधार दे, आणि तो अंदाजाने देऊ नकोस. गवंडी पाया आखताना दोरीने तीन-चार-पाच धरून काटकोन काढतात ना, ते इथे जसंच्या तसं चालतं. फक्त लक्षात ठेव, मोजायची ती भोकांमधली अंतरं, भोकं नव्हेत. तीन, चार, पाच अंतरांसाठी चार, पाच आणि सहा भोकांच्या पट्ट्या लागतात. बसल्या की पिना अलगद आत जातात. जोर लावावा लागला तर समज, मोजणीत चूक आहे.

तुझ्या मामाकडे जुन्या, वर बटणं असलेल्या भोकांच्या विटा आहेत म्हणालीस. त्यांचं गणित वेगळं. वीट 9.6 मिलिमीटर उंच, चपटी प्लेट 3.2. दोन विटांमध्ये दोन प्लेट घातल्या की वरच्या आणि खालच्या भोकांमधलं अंतर 9.6 अधिक 6.4, म्हणजे 16 होतं. पुन्हा बरोबर दोन भोकं. मग बाजूने उभी पट्टी पिनांनी ठोकता येते आणि विटा कितीही ओढल्या तरी सुटत नाहीत.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच तुझ्या ट्रकची खरी मेख आहे. तू मोटरजवळच दोनदा वेग उतरवलास, तीन पट आणि तीन पट, म्हणजे नऊ पट. मग तो नऊ पट जोर एवढ्या लांब शाफ्टमधून आणि मधल्या क्रॉसमधून, म्हणजे शाफ्टच्या लवचीक सांध्यातून, मागे नेलास, आणि तिथे 12 वरून 28 वर, म्हणजे आणखी सव्वादोन पटीहून थोडा जास्त. चाकाला मिळतो साधारण एकवीस पट जोर. चाकाला तो हवाच. पण शाफ्टला तो कशाला? व्हिडिओ थांबवून बघ, ट्रक अडला की तुझा शाफ्ट जिलबीसारखा पिळतोय.

मोटरजवळची एक जोडी काढ आणि तीच 8-24 ची जोडी डिफरन्शियलच्या पुढे, प्रत्येक चाकापाशी एकेक बसव. चाकाला एकवीस पटच जोर मिळेल, वेगही तोच राहील. पण शाफ्टवर नऊऐवजी तीन पटच जोर येईल आणि जो कोपरा फाकत होता त्याच्यावरचा भार एक तृतीयांश होईल. एका जोडीऐवजी दोन लागतील, एवढाच खर्च. आपल्याकडच्या शेतातल्या ट्रॅक्टरमध्येही शेवटचा वेग मागच्या आसातच, डिफरन्शियलच्या पुढे उतरवतात. कारण हेच. चाकापाशी गिअर एकावर एक बसवलेस तर डिफरन्शियल चाकाच्या मध्यापेक्षा दोन भोकं वर जातं, गाडीचं पोट जमिनीपासून उचललं जातं. 2011 साली आलेल्या लेगोच्या युनिमॉग ट्रकमध्ये, 8110 क्रमांकाचा संच, असेच आस आहेत. त्याची सूचनापुस्तिका बघ. लेगो कंपनी तिच्या संकेतस्थळावर अनेक जुन्या संचांच्या पुस्तिका मोफत ठेवते. संच विकत न घेता तुला त्यातून खूप शिकता येईल.

हे मुद्दाम लिहितोय, कारण पैशांचा प्रश्न मला माहीत आहे. परदेशी खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70. मोठा संच घ्यायचा म्हणजे घरात विचार करावाच लागतो, आणि तू बाबांकडे हट्ट धरला नाहीस हे मला फार आवडलं. पुस्तिका समोर ठेवून एखादाच भाग तुझ्याकडच्या तुकड्यांत उभा कर. पूर्ण गाडी नाही, नुसता गिअरबॉक्स, नुसता पुढचा आस. 1980 ची 8860 क्रमांकाची चासी त्यासाठी मला सर्वांत आवडते. तिला बॉडीच नाही. डिफरन्शियल, रॅक-पिनियनचं (दातेरी पट्टी आणि छोटा गिअर) स्टेअरिंग, हलणारे पिस्टन, गिअर, सगळं उघडं, नागडं. ती पचली की 1994 ची 8880 बघ. चारही चाकांना ड्राइव्ह, चारही चाकांना स्टेअरिंग, चारही चाकांना वेगळं सस्पेन्शन. एवढं सगळं एका आसापाशी कसं मावलं असेल, याचा आधी स्वतः कागदावर विचार कर आणि मगच पुस्तिका उघड.

हाताची सवय लावून घे. प्रत्येक ॲक्सल बसवल्यावर, पुढचा तुकडा लावायच्या आधी, एका बोटाने टिचकी मारून सोड. तो थोडा स्वतःहून फिरत राहिला पाहिजे. लगेच थांबला तर बुश पट्टीला घट्ट दाबून बसलाय. नखभर मागे घे. अजूनही अडला तर तो ॲक्सल तीन पट्ट्यांतून जातोय आणि त्यातली एक रेषेत नाही. दहा ॲक्सल जोडून झाल्यावर गाडी जड चालतेय असं कळलं तर दोषी कोण हे शोधायला सगळं उकलावं लागतं. एकेक करून तपासलंस तर लागतच नाही. फाकू न देणं आणि आवळून न टाकणं, दोन्ही सांभाळायचं असतं, आणि त्यांच्या मधली जागा फार बारीक आहे. ती आकड्यात सांगता येत नाही, बोटांना कळते.

पिनांचंही तसंच. काळी पिन भोकात घट्ट बसते, ती बांधायला. करडी पिन सैल फिरते, ती हलणाऱ्या सांध्यांना. तुझ्या स्टेअरिंगच्या टायरॉडला, म्हणजे पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या दांडीला, मला दोन्हीकडे काळ्या पिना दिसल्या. म्हणून ते वळताना अडखळतं. बदल.

स्टेअरिंगचं बाकी ठीक आहे, एक सोडून. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं, कारण त्याचं वर्तुळ लहान असतं. म्युनिकच्या लँकेन्स्पर्गर नावाच्या बग्गी बनवणाऱ्याने ही युक्ती काढली आणि 1818 मध्ये अकरमन यांनी इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं. नाव मात्र अकरमनचंच राहिलं. तुझा टायरॉड आसाच्या मागे आहे, तेव्हा तो दोन किंगपिनांमधल्या (चाकं ज्यांच्याभोवती वळतात त्या पिना) अंतरापेक्षा थोडा आखूड कर. टायरॉड धरणारे चाकांचे हात आत झुकतील, आणि त्यांच्या रेषा मागे वाढवल्या तर मागच्या आसाच्या मध्याशी कुठेतरी मिळाल्या पाहिजेत. अगदी नेमक्या नाही मिळाल्या तरी चालेल.

आणि हो, गिअर घसरायलाच हवा असेल तर त्यासाठी बनवलेला एक गिअर आहे. 24 दात्यांचा पांढरा क्लच गिअर, ठरावीक जोरापुढे आतल्या आत घसरतो. मोटरवर चालणाऱ्या स्टेअरिंगला तो लाव, चाक टोकाला पोचल्यावर मोटर अडकून राहणार नाही. मागच्या आसात तो लावून आवाज बंद करू नकोस. आवाज जाईल, चासी तशीच राहील.

पुढचा ट्रक करशील तेव्हा टायरपासून सुरुवात कर. मालट्रकचा टायर साधारण 1050 मिलिमीटर व्यासाचा असतो, तुझा 62.4 चा. म्हणजे सुमारे सतरावा हिस्सा. अडीच मीटर रुंदीचा ट्रक त्या प्रमाणात साधारण साडेअठरा भोकं होतो. अठरा नको, एकोणीस घे. विषम संख्येला मधोमध एक भोक मिळतं आणि शाफ्ट बरोबर मध्यातून जातो. सम घेतलीस की शाफ्ट अर्ध्या भोकाने एका अंगाला जातो आणि मग प्रत्येक तुकड्याशी भांडत बसावं लागतं. आत्ताच्या ट्रकमध्ये तू तेच भांडण केलंयस, आणि ते निभावलंसही, पण कोपऱ्याला पिना कमी पडल्या त्या त्यामुळेच.

तू विचारलं होतंस, ती खऱ्या आकाराची लेगोची बुगाटी खरंच चालली का. चालली. 2018 मध्ये, माणूस बसवून, ताशी 20 किलोमीटरहून थोड्या जास्त वेगाने. दहा लाखांहून जास्त तुकडे, 2304 छोट्या मोटरी, आणि सगळ्या मिळून ताकद जेमतेम 5.3 अश्वशक्ती. वजन दीड टन. तिच्या आत मात्र पोलादी चौकट होती आणि टायर खऱ्या बुगाटीचे. प्लॅस्टिक कुठवर ताठ राहील हे त्या लोकांनी आधी ओळखलं आणि तिथे पोलाद घातलं. मला त्या गाडीतलं तेच सर्वांत भावलं.

येत्या रविवारी ये. ट्रक आणू नकोस, नुसता मागचा आस आण, शाफ्टसकट. आधी तुझ्या जुन्या कोपऱ्यासह आण, दुरुस्त न करता, म्हणजे फाकताना दोघं मिळून बघू. माझ्याकडे डब्यात करड्या पिना भरपूर आहेत, आणि 24 दात्यांचे दोन गिअर तुझ्यासाठी काढून ठेवलेत.

काका