भेटवस्तू कागदाऐवजी कापडात बांधायची आहे. जपानी फुरोशिकी कशी बांधतात?

चौकोनी कापड घ्या, चारही बाजू सारख्या. पुस्तकाला किंवा मिठाईच्या मध्यम खोक्याला ७० सेंटिमीटरचं पुरतं. अंदाज असा की कापडाचा कर्ण वस्तूच्या लांबीच्या साधारण तिप्पट हवा. सुतीच घ्या, सॅटिनवर गाठ घसरते. जुन्या सुती साडीचा तुकडाही छान दिसतो.

कापड उलटं, एक कोपरा तुमच्याकडे येईल असं पसरा आणि मधोमध खोकं ठेवा. जवळचा कोपरा खोक्यावर घेऊन पलीकडे खाली खोचा, समोरचा त्यावरून ओढून आणा. उरलेल्या दोन टोकांची वर गाठ मारा.

खरी मेख या गाठीत आहे. आधी उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून. दोन्ही वेळा एकाच बाजूने गेलात तर गाठ तिरकी होते आणि सुटते. बरोबर बसली की टोकं सशाच्या कानांसारखी दोन्हीकडे आडवी पडतात.

‘फुरो’ म्हणजे स्नान. एदो काळात (जपानी इतिहासातलं सतरावं ते एकोणिसावं शतक) लोक सार्वजनिक स्नानगृहात कपडे अशा कापडात बांधून नेत, त्यावरून हे नाव. औपचारिक भेटीत जपानी माणूस कापड सोडून फक्त वस्तू देतो आणि कापड परत नेतो. आपल्याकडे मात्र कापडासकटच द्या, घेणाऱ्याला डबा बांधायला होईल.